नाकवाले तोडणकर

जगदीश तोडणकर गाडीचं बॉनेट आधी उघडायचा नाही. गाडी आली की ड्रायव्हरला खाली उतरवायचा, स्वतः आत बसायचा, काचा वर करायचा आणि डोळे मिटून पाच मिनिटं गप्प राहायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस झोपला. मी तेव्हा त्याच्या शेडमध्ये नवीन होतो, एक कोपरा घेऊन बॅटऱ्या नि वायरिंगची कामं करायला बसलो होतो. मी काचेवर टकटक केली. त्याने काच खाली केली नि म्हणाला, "क्लच जळतोय, ते मी बघतो. सीटखाली उंदीर मेलाय, तो तू काढ." उंदीर खरोखर निघाला. काढला मीच, शिव्या देत.

रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत, त्यांच्या मागे त्याची शेड. स्वतः लालबागचा. वडील गिरणीत होते, संपानंतर मालवणला गेले ते तिकडेच राहिले. जगदीश इथेच एका उस्तादच्या हाताखाली शिकला. उस्तादने त्याला पान्हे धरायला शिकवलं, पण वास घ्यायला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्याचंच होतं. फडक्याला पुसलेलं ऑईल गिअरचं की ब्रेकचं, हे तो फडकं नाकाशी नेऊन सांगायचा. एकदा एका टॅक्सीवाल्याला म्हणाला, तुझा रेडिएटर ठीक आहे, पण डब्यातले बोंबील आजच खा. टॅक्सीवाल्याने डिकी उघडून डबा बघितला नि हातच जोडले.

अँटॉप हिलपासून ठाकूरद्वारपर्यंत ड्रायव्हर लोक त्याला नाकवाले तोडणकर म्हणायचे. कोणी पत्ता विचारला तर वखारीतला हमालसुद्धा सांगायचा, नाकवाले ना, ते बघा तिथे.

मी राजरत्न. परळला राहतो. पंचवीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. चौदा एप्रिलला तो आमच्या चाळीत यायचा, गणपतीत मी त्याच्या घरी. तो मला रत्न्या म्हणायचा, मी त्याला जगू. भांडणं रोज व्हायची, कारण मी तापट आहे. माझी बायको माया म्हणते, तुमच्या डोक्यात फ्यूज बसवायलाच विसरले, डायरेक्ट जोडलंय. तिचं बरोबर आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते जगदीशच्या नाकामुळे झालं नाही, माझ्या डोक्यामुळे झालं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये जगदीश आणि रुपालीवहिनी दोघंही आजारी पडले. घरातच पंधरा दिवस काढले. दोघं वाचले, आम्ही म्हटलं सुटलो. महिन्याभराने तो शेडवर आला. बारीक झालेला, पण कामाला लागला. गाडीत बसायचा, काचा वर, डोळे बंद, सगळं पूर्वीसारखं. फक्त पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं लावायला लागला, आणि बाहेर येऊन काही बोलायच्या ऐवजी सरळ बॉनेट उघडायला लागला. मला वाटलं, अशक्तपणा आहे.

मग एक दिवस आम्ही जेवायला बसलो. मे महिना, पत्र्याची शेड. वहिनींनी बाटलीत सोलकढी दिली होती. त्याने झाकण काढलं आणि हातभर अंतरावरून मला भपकारा आला. नासली होती. मी सांगेपर्यंत त्याने अर्धी बाटली तोंडाला लावली.

"अरे येड्या, नासलीय ती," मी ओरडलो. "नाक आहे की भोकं आहेत नुसती?"

मी गमतीत बोललो होतो. त्याने बाटलीला झाकण लावलं. जगदीश मनातलं बोलायला लागला की मालवणीत बोलायचा, एरवी नाही. तो खाली बघून म्हणाला, "रत्न्या, माका वासच येणा नाय. काय्येक येणा नाय. कोणाक सांगा नको."

मला पुढे जेवण गेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, दाखवलं आणि बाहेर फुटलं तर? रे रोडला पान्हे फिरवणारे शंभर आहेत, माझ्याकडे लोक नाकासाठी येतात, हे कळलं त्या दिवशी माझं शटर खाली. रुपालीवहिनींनासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं. त्यांचं नाक आठ दिवसांत परत आलं, म्हणून त्या धरून चालल्या की याचंही आलं. रोज जेवताना हा कालवणाचा रंग बघायचा आणि म्हणायचा, मस्त झालंय. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी त्याला शब्द दिला की तुझं नाक मी.

आम्ही खुणा ठरवल्या. गाडी आली की आधी मी आत शिरायचो, फ्यूज बघतो असं सांगून. मग उतरताना जगदीशला विचारायचो. "चहा सांगू?" म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, कारण त्याला गोडसर वास असतो, घशात बसणारा. "बिडी आहे का?" म्हणजे काहीतरी जळतंय. "भजी मागवू या का?" म्हणजे ऑईल. आणि काहीच वास नसला तर "चहा नको आज." मग जगदीश आत बसायचा, डोळे मिटायचा, आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकाला सांगायचा. कित्येकदा खुणेपायी खरोखर चहा मागवावा लागायचा. एकदा एका दिवसात सात झाले, रात्री झोप आली नाही. हसायचो आम्ही त्यावर.

जवळजवळ चार वर्षं हे चाललं. एकालाही संशय आला नाही. लोक म्हणायचे, तोडणकरांचं नाक म्हणजे नाक. मी बाजूला वायर सोलत ऐकायचो. खोटं कशाला बोलू, कधी कधी आतून खुपायचं. नाक माझं, नाव त्याचं. पण मग तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा, आणि मी विसरायचो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शेडसमोर ती कॅम्पर व्हॅन उभी राहिली. जुनी, उंच टपाची, आत पलंग, शेगडी, छोटी मोरी. मालक शरच्चंद्र वेलणकर, ठाकूरद्वारचे, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर्ड. बरोबर त्यांची मुलगी आकांक्षा. गाडी त्यांनी हिमाचलातल्या एका माणसाकडून घेतली होती. मुलीला ऑफिसातून बारा दिवसांची रजा मिळाली होती, बापलेक समुद्राच्या कडेकडेने थेट कन्याकुमारीपर्यंत जाणार होते. अडचण एकच, गाडी पाणी पीत होती. पन्नास-साठ किलोमीटर झाले की लिटरभर कूलंट कमी. जमिनीवर थेंब नाही. एका गॅरेजने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने सगळे होजपाइप. तरी तेच.

"शेवटी कोणीतरी तुमचं नाव सांगितलं," मास्तर म्हणाले. "म्हणाले, त्यांना नुसतं गाडीत बसू द्या."

जगदीशने माझ्याकडे बघितलं. मी टेस्टर घेऊन आत शिरलो. पुढे काही नाही. मागे पलंगापाशी गेलो आणि गोड वास आला. जोरात. मी वाकून पलंगाच्या फळीखाली नाक घातलं, तिथे तर अगदी दाट. तेवढ्यात मागून आकांक्षाचा आवाज आला.

"हे वास घेतायत का? मला वाटलं नाकवाले ते आहेत."

जगदीशचा चेहरा उतरला. तो घाईघाईने हसला, मोठ्याने बोलला. "छे हो, हा वायरमन आहे. याला वायरी सोडून काय कळतंय? रत्न्या, उतर खाली, लोकांच्या गाडीत काय लोळतोस."

आता मला कळतं की तो घाबरला होता. तेव्हाही कळायला पाहिजे होतं. पण माझं डोकं सटकलं. चार वर्षं मी याचं नाक होऊन फिरतोय, आणि परक्या माणसांसमोर हा मला म्हणतो, काय कळतंय. मास्तर हसले. ती मुलगीही हसली. मी उतरलो. जगदीश दारापाशी थांबला होता, खुणेची वाट बघत.

मी म्हटलं, "चहा नको आज."

त्याने परत विचारलं. हे मला आयुष्यभर पुरणार आहे. हळू आवाजात, माझ्या डोळ्यांत बघून त्याने विचारलं, "नको? नक्की?"

"नको," मी म्हटलं आणि माझ्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

माझ्या मनात होतं, जरा घाम गाळू दे, संध्याकाळी सांगू. जगदीश आत बसला, डोळे मिटले, सगळं नाटक पूर्ण केलं. बाहेर आला नि म्हणाला, आत गळत नाहीये. मग रीतसर लागला. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला, काटा हळूहळू उतरत होता, म्हणजे गळती नक्की. पण कुठे? खाली पुठ्ठे अंथरले, दुसऱ्या दिवशी कोरडे. वॉटर पंप कोरडा. सकाळी काचांना आतून चिकट वाफ धरलेली होती, ती त्याने फडक्याने पुसली, म्हणाला, माणसं झोपतात गाडीत, श्वासाने धरली असेल. बाहेर गळत नाही, आत गळत नाही, मग एकच उरतं, इंजिनाच्या पोटात जळतंय. हेड गॅस्केट, इंजिन आणि वरच्या हेडमधली पट्टी, फाटलं असणार.

खरी गोष्ट अशी होती की त्या गाडीला मागे पलंगाखाली दुसरा हीटर होता. हिमाचलची गाडी, थंडीत झोपायला लागतो. इंजिनाचं गरम पाणी पाइपने तिथपर्यंत जायचं, आणि तो हीटर फुटला होता. पाणी फरशीच्या प्लायवूडमध्ये नि खालच्या फोममध्ये मुरत होतं, म्हणून जमिनीवर थेंब नव्हता. मुंबईत गाडीचा हीटर कोण बघतो? जगदीशने चाळीस वर्षांत हीटरचे पाइप कापून बुजवले तेवढेच. मागे पलंगाखाली हीटर असेल हे आमच्या स्वप्नातसुद्धा येणं शक्य नव्हतं. मलाही हीटर माहीत नव्हता. पण मला वास माहीत होता. मागे बघ, एवढे दोन शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

संध्याकाळी बोललो नाही, कारण राग होता. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो तर त्याने हेडचे अर्धे बोल्ट काढलेले. आता सांगायचं म्हणजे काल खोटं बोललो हे कबूल करायचं. मी म्हटलं, उघडतोच आहे तर बघू दे, कदाचित तिथेही काही असेल. तिसऱ्या दिवशी हेड लेथवर गेलं. मग तर तोंडच उघडेना. आठ दिवस जगदीश त्या इंजिनावर वाकून होता आणि आठ दिवस मी हातावर हात ठेवून बसून होतो. गॅस्केट जुनं होतं, फाटलेलं नव्हतं. ते हातात घेऊन तो बराच वेळ उलटसुलट बघत होता. मला म्हणाला, "पटत नाय रे. पण वास नाय म्हणालास, म्हणजे दुसरा काय असतला?" माझ्या बोलण्यावर त्याचा एवढा भरवसा होता.

गाडी तासभर चालू ठेवली, पाणी कमी झालं नाही. उभ्या गाडीत कळण्यासारखी गळती नव्हतीच ती, रस्त्यावर धावली की पाणी जायचं. शनिवारी मास्तर गाडी घेऊन गेले. जगदीशने त्यांना सांगितलं, बिनधास्त जा.

पाचव्या दिवशी आकांक्षा एकटीच शेडवर आली. पोलादपूरच्या पुढे चढावर गाडी तापली होती, काटा बघेपर्यंत हेड वाकलं. गाडी टो करून आणली होती. सहल तिथेच रस्त्यावर संपली. ती ओरडली नाही, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. शेडमध्ये दोन टॅक्सीवाले बसले होते, वखारीतला हमाल जगताप होता, सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तिथल्या हायवेवरच्या मेकॅनिकने मागचं दार उघडलं आणि लगेच म्हणाला, मॅडम, मागे कूलंट सांडतंय, केवढा गोड वास येतोय. एक मिनिट नाही लागलं त्याला. आम्हाला वाटायचं, जुन्या गाडीचाच वास आहे. तुम्हाला कसा नाही आला? आम्ही तुमचं नाक ऐकून आलो होतो."

मी माझ्या कोपऱ्यात उभा होतो. जगदीशने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. खरं-खोटं मला माहीत नाही.

त्याने हात पुसले. मग शांतपणे म्हणाला, "नाही आला, कारण मला वास येत नाही. चार वर्षं झाली. मी लोकांना फसवत होतो. चूक माझी आहे, इंजिन मी स्वतः नवं करून देईन."

माझं नाव त्याने घेतलं नाही. खुणा सांगितल्या नाहीत. सगळं एकट्याच्या अंगावर घेतलं. टॅक्सीवाले एकमेकांकडे बघायला लागले. आकांक्षा म्हणाली, "काका, तुम्ही आधी सांगायचं ना." आणि गेली.

इंजिन त्याने करून दिलं, महिनाभर खपून. ते शेवटचं. तोपर्यंत बातमी अँटॉप हिलपर्यंत पोचली होती. कोणी वाईट बोललं नाही, लोक वाईट नसतात. फक्त गाड्या यायच्या बंद झाल्या. जो यायचा तो पंक्चरच्या चौकशीला. जगदीश सकाळी शेड उघडून स्टुलावर बसायचा, पान्हे पुसून परत लावायचा. घरी वहिनींना कळलं, त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग मला फोन केला आणि रडल्या. म्हणाल्या, "चार वर्षं मी मीठमसाला चाखून विचारत होते, आणि हे मस्त मस्त म्हणत होते. भावजी, तुम्हाला माहीत होतं का हो?" मी म्हटलं, नाही.

मे महिन्यात त्याने शेड सोडली.

सामान हलवल्यावर पहिल्याच रविवारी तो परळला आमच्या घरी आला. माया गॅसपाशी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यातून त्याने औषधाच्या चार छोट्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. शेवटी डॉक्टरकडे जाऊन आलो, म्हणाला. वासाचा व्यायाम असतो म्हणे. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. नवीन असेल तर नाक परत येतं, जुनं झालं की कठीण.

"मग कर ना तू," मी म्हटलं.

"माका उशीर झालो," तो म्हणाला. "ह्यो तुझ्यासाठी आणलंय."

"माझ्यासाठी कशाला?" मी विचारलं.

"त्या गाडीचा वास पोलादपूरवाल्याक दारातून इलो. तू तर पलंगाखाली डोक्या घातलेलंस. आणि तू माका नको म्हणालास. दोनदा इचारलंय मी." तो माझ्या जवळ सरकला, आवाज बारीक केला, मायाला ऐकू जाऊ नये म्हणून. "रत्न्या, तुझा पण नाक गेला. माका सुरुवातीक तसाच झालेला, कळणाच नाय. घाबरा नको. तुझा नवीन आसा, तुझा परत येतला."

तरी मायाने ऐकलंच, तिने माझ्याकडे वळून बघितलं. त्याच सकाळी बाहेरच्या खोलीतून मी तिला ओरडून सांगितलं होतं की दूध लागतंय. तिने गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली.

जगदीशने लवंगेच्या बाटलीचं झाकण काढलं आणि माझ्या नाकाशी धरली. वास थेट मस्तकात गेला. "येता काय रे?" त्याने विचारलं. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की जणू माझं नाक आलं तर त्याचंही येणार होतं.

मी मान हलवली. नाही म्हटलं.

माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मी नाकासाठी रडतोय. त्याने बाटली खाली ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "रडा नको. माझ्यामुळे झाला ह्यां. चार वर्सां माझा नाक झालंस, तुझा झिजला."